दोन विरुद्ध एक

एप्रिल संपत आला की आमच्या गावात दुपारी बारा ते चार रस्त्यावर कोणी दिसत नाही. दुकानदार शटर अर्धं ओढून आतच आडवे होतात, टँकरची वाट बघणाऱ्या घागरी तेवढ्या रांगेत उभ्या असतात आणि गच्च्यांवर कुरडया वाळत असतात. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गंगा, म्हणजे आमची गोदावरी, इथून जवळ आहे, पण उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा खरबुजं जास्त. त्या चार तासांत आम्ही तिघं सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचो. दोन उन्हाळे बसलो. तिसऱ्या उन्हाळ्यात जे झालं ते मी केलं, म्हणून मीच लिहिते आहे.

तिघं म्हणजे मी, माझी मैत्रीण आणि आमचा एक मित्र. मैत्रीण कापड दुकानदाराची मुलगी. घरात रोज सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय चहा मिळत नाही असं ती सांगायची. माणसं मृदू बोलणारी, हिशेबी, कुणाच्या अध्यात न मध्यात. ती आणि मी दोघीही मराठीचं एम. ए. बाहेरून करत होतो. फॉर्म एकाच दिवशी, एकाच टेबलावर भरले होते. मित्र अर्ध्या तासावरच्या खेड्यातला, भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करायला एसटीने यायचा. अभ्यास किती केला ते त्याचं त्याला ठाऊक. जुन्या सिनेमांचा पेन ड्राइव्ह मात्र त्याच्या खिशात असायचाच.

खोलीत एक कॉम्प्युटर होता. कुठल्याशा योजनेतून आलेला, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला. ग्रंथपाल म्हणजे एक निवृत्त मास्तर. बाराला जेवायला घरी जायचे, तिकडेच त्यांचा डोळा लागायचा आणि साडेतीनला उगवायचे. जाताना किल्ली आमच्याकडे. खिडकीला आम्ही ओलं गोणपाट लावायचो, फुलाफुलांचं कापड काढायचो आणि कृष्णधवल सिनेमा सुरू करायचो. अर्ध्यात लाइट जायचीच. मग लाइट येईपर्यंत भांडण.

एकदा असाच सिनेमा अडला. त्यात एक शिक्षिका होती. सामान बांधून दाराशी उभी, बाहेर टांगा थांबलेला, आणि ती जात नव्हती.

"आता निघ की बाई," मित्र काळ्या पडद्याला म्हणाला. "घोडं तापायलंय उन्हात."

"जुन्या सिनेमातल्या बायका नुसत्या उभ्या राहतात," मी म्हणाले. "एकीलाही निर्णय घेता येत नाही. दिग्दर्शक पुरुष, दुसरं काय होणार?"

मैत्रीण आंब्याची कोय चोखत होती. सावकाश म्हणाली, "ती नुसती उभी नाही. घरात कोण कोण जागं आहे ते मोजायलीय."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी रोज मोजते."

मित्र हसला. "मग मोजून झाल्यावर इथं येतीस व्हय? आमाला वाटलं आमच्या प्रेमापोटी येतीस."

"तुझ्या पेन ड्राइव्हच्या प्रेमापोटी येते. त्याला सांग."

अशी ती. पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान वाचायची. मला त्याचा राग यायचा. ती म्हणायची, मधेच हाक आली तर निदान शेवट तरी कळलेला असावा. दुकानात ताग्यांच्या मागे बसून, एक कान गिऱ्हाइकाकडे ठेवून, तिने माझ्या दुप्पट वाचलं होतं.

आमच्या भांडणांचा निकाल मतदानाने लागायचा. ही पद्धत माझी. मी पत्रकांत वाढले. वडील आयुष्यभर संघटनेत, घरात पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यावर पत्रकांचे गठ्ठे. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायचे. बाबांच्या बैठकीत प्रत्येक पत्रक मोठ्याने वाचलं जायचं, वाक्यावाक्यावर वाद व्हायचा आणि शेवटी हात वर. बहुमताने जे ठरलं ते सगळ्यांचं. हरलेला माणूसच दुसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त पत्रकं वाटायचा. लहानपणी मला याहून सुंदर काही वाटत नव्हतं.

म्हणून आमच्या खोलीतही हात वर व्हायचे. नायक भित्रा की नाही? दोन विरुद्ध एक. उद्या रडका सिनेमा की हाणामारीचा? दोन विरुद्ध एक. कुरडईचा चीक नुसता खावा की गूळ घालून? इथे तिन्ही मतं गुळाला, तेव्हा मित्राने एकमताचा ठराव मांडला आणि मला "सभापतीबाई" म्हणून हाक मारायला सुरुवात केली.

तिसऱ्या उन्हाळ्यात बातमी आली, की वाचनालयाची समिती मागची खोली एका शिकवणीवाल्याला भाड्याने देणार. कारण काय, तर दुपारी तिथे कोणी फिरकत नाही. मास्तरांनी ते सांगितलं आणि अपराध्यासारखे खाली बघत राहिले. माझं डोकं तापलं. आमच्या गावात मंगल कार्यालयं आहेत, मोबाइलची दुकानं आहेत, चौकाचौकात शुभेच्छांचे फलक आहेत. बसून वाचायला एक खोली होती आणि तीही यांच्या डोळ्यांत खुपायला लागली होती. मी दोन दिवसांत पत्रक लिहिलं.

ते चांगलं पत्रक होतं, हे मी आजही म्हणते. बाबा सांगायचे, पत्रकात एक तरी वाक्य असं पाहिजे की चालता माणूस थांबला पाहिजे. माझं ते वाक्य असं होतं: 'कोणी फिरकत नाही म्हणता? याच खोलीत रोज दुपारी व्यापाऱ्याची लेक आणि शेतकऱ्याचा मुलगा एका बाकावर बसून जुने चित्रपट पाहतात आणि पुस्तकांवरून भांडतात. जिथे हे घडतं अशी दुसरी जागा या गावात दाखवा.'

मी ते दोघांना वाचून दाखवलं. मित्र खूश झाला. "आमाला पेपरात घातलं बगा," म्हणाला. मैत्रिणीने कागद हातात घेतला, सगळा पुन्हा वाचला.

"हे एक वाक्य काढ," ती म्हणाली. "बाकी सगळं छान आहे."

"नेमकं हेच? यावर तर सगळं उभं आहे."

"तरी काढ."

"यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही."

"मग?"

"खरं आहे म्हणूनच काढ."

हे वाक्य मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी खऱ्याची बाजू घेऊन वाढलेली. खरं आहे आणि ते लपवायचं, याला माझ्या घरात एकच शब्द होता आणि तो भित्र्यांसाठी वापरायचे. मी तिला समजावलं. नाव कुणाचंच नाही म्हणाले. आपण काही चोरी करत नाही म्हणाले. तुझ्यासारख्या मुलींनीच मान वर करून सांगायला पाहिजे, हेही म्हणाले. मी तिला एम. ए.च्या शेवटच्या वर्षाची आठवण करून दिली, खोली गेली तर अभ्यास कुठे करशील असं विचारलं. तिच्या घरून तिला बारा ते चार सोडायचे ते या अभ्यासाच्या नावावर. परीक्षा जूनमध्ये, परभणीला. ती झाली की पुढे बी. एड., मग कुठेतरी शाळा, असं तिने मनात बांधलेलं होतं. घरात एक स्थळ येऊन थांबलं होतं, पण परीक्षेपर्यंत कोणी विषय काढायचा नाही असं तिने वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. हे सगळं मला माहीत होतं.

"मतदान घेऊ," मी म्हणाले.

ती जरा हसली. मी हात वर केला. मित्राने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "ठरलं म्हणजे ठरलं." मग पेन मागून घेतलं, पत्रकातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि कागद मला परत दिला.

आज मी त्या मतदानाचा विचार करते तेव्हा मला माझाच हात दिसतो. ज्या वाक्यात तिचं सगळं पणाला लागलं होतं, त्यावर तिला एक मत होतं. ज्यांचं काहीच जाणार नव्हतं त्या आम्हा दोघांना दोन. मी त्याला लोकशाही म्हणत होते.

पत्रक परभणीहून छापून आणलं, पिवळ्या कागदावर. आठवडी बाजाराच्या दिवशी मी आणि मित्र वाटायला निघालो. मिरच्यांचे ढीग, चपलांची दुकानं, उसाच्या रसाचे चरक, सगळीकडे फिरलो. बाजारपेठेत मी एकही दुकान गाळलं नाही. गाळणं म्हणजे लपवणं. तिच्या वडिलांच्या दुकानातही गेले. लग्नसराई होती, गाद्यांवर बायका बसलेल्या, ताग्यांचा पसारा. मैत्रीण आत घडी घालत होती. तिने मला पाहिलं आणि घडी घालत राहिली.

"काय छापलं बाई?" तिचे वडील म्हणाले. आम्ही सगळे त्यांना आप्पाच म्हणायचो.

"वाचा आप्पा. वाचनालयाचं आहे."

त्यांनी उभ्याने वाचलं. मग कागदाची नीट चार पदरी घडी केली, कात्रीखाली ठेवली आणि समोरच्या बाईला म्हणाले, "हां, तुमाला हिरव्यात दाखवू का?"

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. फोन बंद. चौथ्या दिवशी भर दुपारी, आम्ही दोघं कॉम्प्युटर न लावता बसलो होतो तेव्हा, आप्पा आले. डोक्याला पांढरा रुमाल, हातात एक कादंबरी, खाकी कव्हर घातलेली.

"पोरीकडं हे राहिलं होतं," ते म्हणाले. "तारीख उलटून जायला नको."

मित्र उठून उभा राहिला. आप्पांनी त्याला हाताने बस म्हटलं. मी माठातलं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. मी तयारीत होते. ते ओरडतील, मग मी बोलेन, असं मनात सगळं मांडून ठेवलं होतं. ते ओरडले नाहीत.

"तुमी लिहिलं ते खोटं न्हाई," ते म्हणाले. "मला माहीत हाय. मला दोन सालापासून माहीत हाय. इथं कोण बसतं, काय बघतात, सगळं. मास्तर माझेच गिऱ्हाईक."

त्यांनी रुमालाच्या टोकाने मान पुसली.

"पोरगी वाचते, हसत घरी येते, तर येऊ द्यावं म्हणलं. घरात कुणी इचारलं तर मी सांगायचो, अभ्यासाला जाते. आता भाऊबंद कागद घेऊन दुकानात येऊन बसायलेत. माझ्याच पुढ्यात वाचून दाखवतात. खोटं असतं तर बरं झालं असतं बाई. खोटं हाय म्हणून सांगता आलं असतं मला."

"आप्पा, पण तिची परीक्षा..."

"बघू," ते म्हणाले. पाण्याचा पेला त्यांनी स्वतः विसळून माठावर उपडा ठेवला. "खामखा तसदी दिली तुमाला."

ते गेल्यावर मित्र बराच वेळ टेबलावरच्या कादंबरीकडे बघत होता. "मला वाटलं तू इचार केला असशील," तो म्हणाला. "तू लिहिणारी हायस म्हणून मी हात वर केला."

"तुला स्वतःला काही वाटलं नव्हतं?"

"वाटलं होतं. पण वाक्य लय भारी होतं."

त्याचं कोणी काही वाकडं केलं नाही. उलट त्याच्या गावात पारावर पोरांनी त्याची पाठ थोपटली. व्यापाऱ्याच्या लेकीबरोबर बसतो म्हणून. त्याने एकाला मारलं, त्यात त्याचं स्वतःचंच मनगट दुखावलं, आणि गोष्ट आणखी चार गावं पुढे गेली.

माझंही काही गेलं नाही. बाबांनी पत्रक वाचलं. ते पलंगावर पडून होते, खोकल्याने बेजार. ते वाक्य आलं तेव्हा थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, जमलंय.

"त्या पोरीला विचारलं होतंस?"

"मतदान घेतलं होतं."

बाबा पंख्याकडे बघत राहिले. पत्रक छातीवर तसंच होतं आणि श्वासाबरोबर वरखाली होत होतं.

आणि पत्रकाचा परिणाम झाला. हे सांगितलंच पाहिजे, कारण असल्या गोष्टी लोक पराभवाच्या म्हणून सांगतात. आम्ही जिंकलो. समितीने शिकवणीवाल्याला नाही सांगितलं. अध्यक्षांनी मास्तरांच्या देखत माझं कौतुक केलं, तरुण पिढीत आग पाहिजे म्हणाले. खोलीत नवा कूलर आला. दारावर फलक लागला: महिला वाचकांसाठी स्वतंत्र वेळ, सकाळी अकरा ते बारा. त्या वेळात मी दहा दिवस जाऊन बसले. कूलरचा आवाज फार मोठा होता. दहा दिवसांत एकही बाई आली नाही. समितीला ते बरंच वाटलं असावं, कारण मुलं-मुली एका बाकावर बसायचा प्रश्नही त्यांनी त्याच फलकात मिटवला होता, माझ्याच वाक्याचा आधार घेऊन.

शेवटी मी दुकानात गेले. काही घ्यायला आल्यासारखी. आप्पा गल्ल्यावर होते, त्यांनी मान हलवली. मैत्रीण मापाच्या टेबलापाशी होती.

"काय दाखवू?" ती म्हणाली.

"ब्लाउजपीस."

"कशावर?"

"कशावरही."

"साडी आणलीस का मॅचिंगला?"

"नाही."

तिने तीन रंग काढून समोर टाकले. मी हळू आवाजात म्हणाले, "हॉलतिकीट आलंय. दोघींचंही. एकाच खोलीत नंबर आहे."

"अस्तर घेणार का?"

"मी आप्पांशी बोलते. नाहीतर बाबांना पाठवते. नाहीतर मी लिहून देते, की ते वाक्य मी माझ्या मनाने..."

"तू काही करू नको." तिने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी रागाची वाट बघत होते. "तू बोललीस की छापल्यासारखं होतं. मी हळूहळू करायलेय. आप्पांचं मन वळत आलंय. परीक्षेला काकू बरोबर येते म्हणायली. तू फक्त गप्प बस."

"बसते."

"खरंच बस."

कापड फाडायच्या आधी तिने कडेला कात्रीने छोटा काप दिला आणि दोन्ही हातांनी सरळ फाडलं. तो आवाज आप्पांपर्यंत गेला. "झालं का गं?" त्यांनी विचारलं. "झालं," ती म्हणाली.

मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा तीन आठवडे काही लिहिलं नाही, कुठल्या सभेला गेले नाही, चौकात कुणाशी वाद घातला नाही. मित्राने फोन केला की आम्ही उन्हाबद्दल बोलायचो. दुकानावरून जाताना मी समोरच्या बाजूने जायचे आणि आत बघायचे नाही. मला वाटायला लागलं होतं, की हे जमेल. एक माणूस तीन आठवडे तोंड बंद ठेवतो, एवढ्यावर दुसऱ्याचं आयुष्य परत जागेवर येत असेल तर स्वस्तच आहे. पण माझी पिवळी पत्रकं गप्प बसली नव्हती. ज्या घरून स्थळ आलं होतं, त्या घरी त्यातलं एक कुणीतरी पोहोचवलं. ही बातमी मास्तरांनी दिली. स्थळ सोडायचं की लग्न लगेच उरकायचं, एवढेच दोन रस्ते आप्पांपुढे ठेवले गेले, असं ते म्हणाले. आप्पांनी कोणता धरला ते मी विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी पहाटेची एसटी. मी दोन जागा धरल्या. बस सुटेपर्यंत शेजारी पिशवी ठेवली होती, मग एका म्हाताऱ्या माणसाने ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि बसला. मला वाटलं, काकूबरोबर जीपने आली असेल. परभणीला केंद्राच्या फाटकावर मी घंटा होईपर्यंत उभी होते. नऊ वाजताच डांबर तापलं होतं.

वर्गात तिचा बाक माझ्या पुढचा. कोपऱ्यावर खडूने नंबर लिहिलेला. अर्धा तास झाला तेव्हा पर्यवेक्षक बाई सह्या घेत आल्या. त्या बाकापाशी थांबल्या, यादी पाहिली.

"ही तुमच्याच गावची दिसते," मला म्हणाल्या. "ओळखता का?"

"हो."

"येणार आहे का उशिरा? की लाल करू?"

सगळा वर्ग लिहीत होता. पंख्याचा आवाज येत होता. बाई लाल पेनाचं टोपण काढून थांबल्या होत्या आणि माझ्या उत्तरावर काहीच अवलंबून नव्हतं, तरी मला ते देता येईना.

"करा," मी म्हणाले.

त्यांनी नंबरासमोर लाल अक्षरात गैरहजर लिहिलं, माझी सही घेतली आणि पुढे गेल्या. मी प्रश्नपत्रिका उलटली. सगळं येत होतं. तिच्याबरोबर बसून केलं होतं ते सगळं. मी लिहायला सुरुवात केली आणि थांबता येईना. शेवटचा तास उरला तेव्हा मी उभी राहून पुरवणी मागितली.